विस्तवाविना खीर

बायनाबाईला पहिला संशय आला तो ताटावरून.

चैताचं ऊन अंगणात उतरलं होतं. ओसरीवर तिचा नवरा हेमराज मांडी घालून बसला होता, पुढ्यात स्टीलचं ताट. ताटात काकडीच्या चकत्या, कांद्याच्या चकत्या, मोड आलेले हरभरे, भिजवलेले शेंगदाणे, कडेला लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ. भात नाही, वरण नाही, भाजी नाही. एकेक हरभरा उचलून तो सावकाश चावत होता, डोळे अर्धे मिटून.

असलं ताट तिनं संसाराची कितीतरी वर्षं पाहिलं होतं. तो कामाला होता त्या राइस मिलच्या मागे चिंचेखाली, कधी पत्रावळीवर, कधी नुसत्या पेपरच्या तुकड्यावर. तेव्हा त्याच्या शेजारी एक बाटली असायची, एवढाच फरक.

"हा तं चकना होय," ती म्हणाली.

"जेवन होय. कच्चं जेवन."

"आन् बाटली कुठी हाय?"

हेमराज हसला. हसून त्यानं आणखी एक कांद्याची चकती उचलली. बायनाबाईचं काळीज तिथंच जरा हललं. मिलच्या दिवसांत तो घरी यायचा तो कांदा चघळतच. दारात उभा राहायचा, आणि ती म्हणायची, "हा करा." तो तोंड उघडून हा करायचा, आणि कांद्याच्या आडून तो दुसरा वास हळूच डोकं वर काढायचा.

हे आता जुनं झालं होतं. दिव्यानी दहावीत होती त्या साली एका संध्याकाळी हेमराज वडसाच्या मिलमधून आला, तर लेकीनं आतून कडी लावून घेतली होती. तिनं दार उघडलं नाही. तो पायरीवर बसून राहिला. त्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नव्हता. निदान बायनाबाईनं तसं धरलं होतं, आणि त्या धरण्यावर तिनं पुढचं सगळं उभं केलं होतं.

कारण त्याच साली चिचटोल्याच्या बायांनी तिला पुढं केलं. जिल्ह्यात दारूबंदी होती, पण कायदा गडचिरोलीत बसायचा आणि हंड्या चिचटोल्याच्या परसात. बायांची संघटना उभी राहिली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो मोहाचा. मोहफूल नाही असं घर गावात नव्हतं. चैतात तांबडं फुटायच्या आधी बाया टोपल्या घेऊन रानात जात, झाडाखालची पिवळसर फुलं वेचून आणत, आणि मग सगळ्या अंगणांतून मोह वाळत पडे. तो बैलाला घालत, भाकरीत घालत, व्यापाऱ्याला विकत. मोहावर बंदी घालायची म्हणजे रानावर बंदी घालायची. म्हणून बायनाबाईनं नियम केला, तो गावातल्या शेंबड्या पोरालाही समजावा असा. वाळला मोह घरात कितीही असू दे, कोणी बोलणार नाही. भिजलेला मोह सापडला की तो सडवा, दारूचा. तो कशासाठी भिजवला होता, हे विचारायचं नाही.

आणि हंडीला संघटनेची कोणी बाई हात लावायची नाही. ज्याचं घर त्यानं हंडी उचलायची, चौकातल्या पारापाशी न्यायची, सगळ्यांसमोर आपल्या हातानं ओतायची. फेरीला निघताना म्हणायला बायनाबाईनंच दोन ओळी जुळवल्या होत्या:

हंडी तुझी वं मातीची, आमी नाई फोडनार,
तुझ्याच वं हातानं तू चौकामंदी वतनार.

बाया हे रोवणीच्या चालीवर म्हणत. चिखलात वाकून धान लावताना म्हणतात तसं, एकीनं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं.

गावातल्या लटारूनं मागल्या साली हंडी ओतली होती. "बैलासाठी भिजवला होता, बाई. बैलाले अशक्तपना आला," असं तो म्हणत राहिला. बायनाबाईनं ऐकलं नाही. त्याचा बैल खरंच खुट्याला बसलेला होता हे मागून समजलं. लटारू दारू काढायचा, हेही खरंच होतं.

*

हेमराज मिलमधून निवृत्त झाला आणि घरी बसला, तशी त्याच्या पोटात आग सुरू झाली. पित्ताच्या गोळ्या झाल्या, जिऱ्याचं पाणी झालं. दिव्यानी आता नागपुरात नोकरीला होती. तिनं बापाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, मग दुसरा. त्यातली गोरीपान बाई सांगत होती की अन्नाला विस्तव लागला की त्यातला जीव जातो. सगळं कच्चं खा. दूध नको, दही नको, तूप नको. प्राण्याचं काहीच नको.

"गाईचं दूध वासराचं असते," हेमराजनं एका सकाळी जाहीर केलं.

"मंग जा, वासराले इचारून या. इतके वर्स पेले, तवा काई बोललं नाई थे."

पण तो ऐकेना. दिव्यानीनं मिक्सर पाठवला. हेमराजनं तिळाचं दूध काढलं, ते फडक्यातून गाळताना लुंगीभर सांडलं. जवस भिजवून, टमाटर घालून त्याच्या पातळ पापड्या केल्या आणि टिनाच्या छपरावर उन्हात घातल्या. पहिला घाणा कावळ्यांनी नेला. दुसऱ्या घाण्यावर त्यानं जुनी मच्छरदाणी ताणली, आणि संध्याकाळी खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात खरंच कुरकुरीत काहीतरी होतं. एकदा धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, कच्च्या पानात मोडाची मटकी गुंडाळून खाल्ली, तर दुपारभर घसा धरून बसला, चिंच चोखत, एक शब्द तोंडातून निघेना. बायनाबाई मनातून त्या दुपारी सुखात होती.

पोहे चालतील का, यावर तर तो एकटाच दोन दिवस भांडला. शेवटी पोह्याचं धान भट्टीतून जातं म्हणून पोहे बाद झाले.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग त्यानं गॅसची शेगडी उचलून पडवीत ठेवली.

"तुझ्या फोडनीची धग माझ्या मोडाईले लागते," तो म्हणाला.

"माझ्या सैपाकघरात मलेच बंदी काऊन?"

"बंदी नाई वं. दुपारची फक्त येऊ नको. मी प्रयोग करून राह्यलो."

पडवीच्या वाऱ्यात शेगडी टिकेना, तशी बायनाबाई अंगणातल्या चुलीवर भात टाकू लागली. धुरातून ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राही. दार लोटलेलं असायचं, पुढं पुढं आतून कडी लागू लागली. आत मिक्सर घरघरायचा, थांबायचा. मग बराच वेळ काहीच आवाज नसायचा, आणि तो बिनआवाजाचा वेळच तिला खायला उठायचा. बाईमाणसाला आपल्या घरातला कुठला आवाज कशाचा ते कळतं. चमचा डब्यात पडला की कळतं, झाकण घट्ट लावलं की कळतं. मन लावून काही झाकून ठेवणाऱ्या हाताला आवाज नसतो.

एके दुपारी ती बैठकीहून लवकर परतली, तर मागच्या दारी लटारू आणि हेमराज उकिडवे बसलेले. मिलच्या दिवसांत दोघं एका चिंचेखालचे. लटारूनं कापडात बांधलेलं काहीतरी पुढं केलं आणि तिला पाहताच हेमराजनं ते गमछ्याखाली सारलं.

"काय होय थे?"

"काई नाई. चारोळी होय," हेमराज म्हणाला.

"चारोळी लपवाची कायले?"

"तुले नवल दाखवाचं होतं."

लटारू उठला, सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात सरकवला. "अध्यक्षबाईच्या घरी आता फोडनीचा वासच येत नाई खिडकीतून," तो म्हणाला. "बाहेरच्या मानसाले वाटंल, घरात काई झालं का काय."

"बाहेरच्या मानसानं आपली खिडकी पाहावं," बायनाबाई म्हणाली.

त्या रात्री हेमराजला झोप छान लागली. घोरत होता. ती जागी राहिली, त्याच्या श्वासाच्या दिशेला तोंड करून. कांदा, लसूण, मुळा. पलीकडे काही आहे का? आहे असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. कधी उन्हाळ्यात विहिरीत वाकून पाहिलं की पाणी आहे की आपलीच सावली, ते कळत नाही, तसं.

*

रंजीतानं तिला हातपंपावर गाठलं. संघटनेतली सगळ्यांत तरुण बाई, जिभेची धारदार, पण बायनाबाईला काकू म्हणायची आणि तिच्याखेरीज कोणाचं ऐकायची नाही.

"काकू, तुमच्या गल्लीत वास येऊन राह्यला."

"चैत हाय. घरोघरी मोह वाळून राह्यला."

"वाळल्याचा नाई, काकू." रंजीतानं पाण्याचा गुंड भरून बाजूला केला. "वाळला मोह मनुकासारखा गोड येते. हा आंबूस हाय. मले वास तुमीच शिकवला."

बायनाबाई पंपाचा दांडा मारत राहिली. गुंड भरून वाहू लागला तरी मारत राहिली.

"आज सांजेला फेरी हाय," रंजीता म्हणाली. "कोनत्या गल्लीतून सुरू कराचं?"

"तिकडल्या टोकापासून करू. आमची गल्ली शेवटी घेऊ."

"बरं," रंजीता म्हणाली. तिनं एकदाच वर पाहिलं आणि पुन्हा खाली. बायनाबाईला त्या पाहण्याची लाज वाटली. आजवर कोणती गल्ली कधी घ्यायची हे तिनं कधी कोणाला वाचवण्यासाठी ठरवलं नव्हतं.

घरी येता येता ती शाळेमागच्या टेकाडावर थांबली. तिथंच रेंज यायची. दिव्यानीला फोन लावला.

"तुझ्या बापाचं काय चाललं हाय, तुले काई माहीत हाय का?"

"काय झालं आता?" दिव्यानी हसत होती. "आई, बाबाले जगू दे ना जरा. जन्मात पयल्यांदा मानूस काईतरी शिकून राह्यला. मले रोज फोटो पाठवते."

"कायचे फोटो?"

"पापड्याचे, चटणीचे. परवा म्हने खीर करतो. मोहाची."

बायनाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कायची?"

"मोहफुलाची, आई. गूळ चालत नाई ना त्यात. बाबाच म्हने, भिजवून पाह्यतो." मग दिव्यानीचा आवाज बदलला, लहान झाला. "आई. तुले नाई सांगतलं का त्यानं?"

"तुले सांगतलं ना. झालं मंग."

"आई, बाबा तसं नाई करनार."

बायनाबाईनं फोन ठेवला. पोरीचं वाक्य बरोबर होतं. पण म्हणता म्हणता तिचा स्वर शेवटी जरा वर गेला होता, विचारल्यासारखा.

*

हेमराज दाढी करायला गेला होता. बायनाबाई आपल्याच स्वयंपाकघरात परक्या घरात शिरावं तशी शिरली. मिसळणाचा डबा वरच्या फळीवर ढकललेला. जिथं पिठाचा डबा असायचा तिथं मोड आलेल्या मुगाची टोपली, ओल्या फडक्याखाली. काचेच्या बरण्यांची ओळ, एकीत तीळ, एकीत जवस, एकीत सोललेली चारोळी. सगळं नेटकं, धुतलेलं. हेमराजचे हात इतके नेटके कधी होते? मिलच्या मशीनवर असतील. घरात तिनं ते पाहिले नव्हते.

तिनं डोळे मिटले. वास नाकानं शोधायचा असतो, डोळे उघडे ठेवले तर तो पळतो. बायांना तिनं हेच शिकवलं होतं. डावीकडे लिंबू. खाली ओलं गोणपाट. कोठीच्या मागे.

कोठीमागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मोठी बरणी होती, तोंडाला तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. तिनं ती बाहेर काढली आणि मांडीवर घेतली. बरणी गार होती. काचेला कान लावला. आत मोह बोलत होता. बारीक बारीक बुडबुडे खालून उठत, वर येऊन फुटत, आणि पुन्हा उठत. हा आवाज तिनं गावातल्या कितीतरी परसांत ऐकला होता, मातीच्या हंड्यांतून, शेणाच्या ढिगाऱ्याखालून. तो कधी काचेतून दिसलेला नव्हता.

ती तशीच बसली. तिला राग येत नव्हता, याचंच तिला नवल वाटलं. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. हे जर आत्ताचं असेल, तर मधली सगळी वर्षं कशाची होती? आपण गावभर दुसऱ्याच्या घरात वास घेत फिरलो, आणि आपल्या घरात काय होतं?

हेमराज आला तेव्हा ती तिथंच होती, बरणी मांडीवर. तो दारात थांबला. नुकत्याच केलेल्या दाढीनं त्याचा चेहरा उघडा दिसत होता.

"खीर होय थे," तो म्हणाला.

"बुडबुडे येते खिरीले?"

तो खाली बसला, तिच्यापासून थोडा दूर. मग सांगू लागला, हळूहळू, गहाळ झालेलं सामान शोधावं तसं. गूळ उकळून काढतात, म्हणून गूळ नको. साखरेचंही तसंच. मध माशीचं, हिसकून घेतलेलं. "विस्तव न लागलेलं आन् कोनाचं न हिसकलेलं गोड आपल्या रानात एकच हाय. म्हनून मोह भिजवला. लटारूले म्हटलं, चारोळी आन. चारोळीचं दूध काढलं. त्यात खोबरं टाकलं. तुले सांगतो, सुंदर झाली होती. एक वाटी मी खाल्ली. बाकीची तुझ्यासाठी ठेवली."

"मले कवा देनार होता?"

"तू त्या दिवशी आरमोरीले बैठकीले गेली होती. मंग वाटलं, मुरू द्यावी जरा. ओलं गोनपाट गुंडाळलं. वाटलं, थंड राहील."

"या उन्हात?"

"नाई समजलं तवा."

"समजलं कवा?"

हेमराज बरणीकडे बघत होता. "काल. फडकं सोडलं, आन् समजलं."

"मंग कालच काऊन नाई फेकली?"

बाहेर कोणाच्या तरी कोंबड्या वाळत्या मोहात शिरल्या होत्या आणि कोणीतरी हाकलत होतं.

"वास घ्याले ठेवली," तो म्हणाला. "खोटं नाई बोलत. काल सोडलं, बांधलं. रातच्याले सोडलं, बांधलं. सकाळी बी."

"पेले?"

"नाई."

"चाखलं?"

"बोट बुडवलं होतं. तोंडापर्यंत आनलं. मंग लुंगीले पुसलं."

बायनाबाईनं लुंगीकडे पाहिलं. लुंगीवर डाग होते. तिळाच्या दुधाचे होते, टमाटरचे होते, आणि कशाकशाचे.

"हा करा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी हा शब्द घरात आला. हेमराज पुढं सरकला, गुडघ्यावर आला, आणि तिच्या तोंडाशी तोंड आणून त्यानं हा केलं. डोळे मिटून. ती वाकून वास घेत राहिली.

कांदा. नुसता कांदा. कांद्याच्या पलीकडे तिला काही सापडलं नाही, आणि काही नव्हतं असंही सापडलं नाही.

*

सांज होता होता बायांचा आवाज आला. आधी लांब, मग जवळ. एकीनं उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं.

हंडी तुझी वं मातीची...

"खीरच होय म्हनून सांग," हेमराज म्हणाला. "खोटं थोडी होय थे. खीर म्हनूनच केली."

"लटारूभाऊ बी खोटा नव्हता. त्याचा बैल बिमारच होता."

"लटारू दारू काढते. मी तं विस्तवालेही हात लावत नाई. माझ्या सैपाकघरात चूल पेटत नाई, दारू निघंल कुठून?"

हे तिला दिवसभर सुचलं नव्हतं. खरंच होतं ते. सडव्याला विस्तव लागल्याशिवाय त्याची दारू होत नाही, आणि अख्ख्या चिचटोल्यात विस्तवाशी भांडण मांडलेला हा एकच माणूस होता. बायांना हे सांगितलं तर त्या हसतील, आणि हसून सोडून देतील. रंजीताही सोडेल. एवढं एक वाक्य दारात जाऊन बोलायचं होतं. घर वाचलं असतं, तोंड वाचलं असतं.

पण नियमात 'कशासाठी' हे विचारायचं नव्हतं. तिनंच तसं ठरवलं होतं. विचारायला लागलं की प्रत्येक घराला एक बैल आजारी असतो.

तिनं बरणी त्याच्यासमोर ठेवली आणि जाऊन दार उघडलं.

गल्लीत बाया उभ्या होत्या. गाणं थांबलं. रंजीता पुढं होती, आणि तिच्या चेहऱ्यावर विनंती होती. नाही म्हणा काकू, असं तो चेहरा म्हणत होता.

"आत कोनी येऊ नका," बायनाबाई म्हणाली. "आमच्या घरचं आमी आनतो."

कोणी हलेना. आतून हेमराज आला, बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून. बायांनी वाट दिली. तो पुढं, बायनाबाई मागे, तिच्यामागे बाया. गाणं कोणी उचललं नाही. ओसरीओसरीतून माणसं उठून बघत होती. वाळत्या मोहाचा गोड वास गल्लीभर होता, आणि त्यातून हा दुसरा, आंबूस वास एका रेघेसारखा चालला होता.

पारावर लटारू बसलेला होता. त्यानं बरणी पाहिली, मग माणूस पाहिला.

"बैलासाठी होय का, हेमराजभाऊ?"

दोनचार जण हसले. हेमराजनं बरणी पाराच्या कडेवर टेकवली.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "खिरीसाठी भिजवला होता. आंबला हे समजल्यावर बी ठेवला."

हेमराजनं फडकं सोडलं आणि बरणी कलती केली. फसफसत ते खाली आलं, धुळीत पसरलं. फुगलेली मोहफुलं, चारोळीचा पांढरा गर, खोबऱ्याचे बारीक काप. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो बरणी धरून राहिला. एक बकरी पुढं आली, तिला कोणीतरी दगड दाखवला.

रंजीता जवळ आली. "काकू, यात तं खोबरं हाय," ती हळू म्हणाली. "सडव्यात कोनी खोबरं टाकते का?"

"आपल्या नियमात खोबऱ्याचं काई नाई."

"पन काकू..."

"नाई ना? मंग झालं."

माणसं पांगू लागली. लटारू मात्र उठला नाही. बायनाबाई त्याच्यासमोरून जाताना तो खर्रा थुंकून म्हणाला, आता त्यात टोमणा नव्हता, "माझा बी बैलासाठीच होता, बाई."

"असंल, भाऊ."

"तवा नाई म्हनली असं."

बायनाबाई थांबली. तिला उत्तर शोधावं लागलं नाही. ते दिवसभर तिच्याजवळच होतं. "तवा थो माझ्या घरचा नव्हता," ती म्हणाली.

लटारूनं मान हलवली. माफ केलं म्हणून हलवली की ऐकलं म्हणून, ते त्याचं त्याला ठाऊक.

परतताना हेमराज पुढं चालत होता, रिकामी बरणी बगलेत. घराजवळ आल्यावर त्यानं मागे न पाहता विचारलं, "तुले माझं खरं वाटलं का?"

"अर्धं."

तो चार पावलं चालला. "कोनतं अर्धं?"

"थे मलेच नाई समजून राह्यलं."

"बरं." त्यानं अंगणाचं फाटक उघडून तिच्यासाठी धरलं. "उद्यापासून मोह नाई आनत मी घरात."

"आना ना," बायनाबाई म्हणाली. "खीर खाची हाय मले. पन माझ्यासमोर भिजवा, आन् ऊन चढाच्या आधी संपवा. आन् सैपाकघराच्या त्या दाराची कडी काढून टाका."

"कडी?"

"आतली. खिळ्यासकट."

हेमराज आत गेला. थोड्या वेळानं मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला. तो बरणी धूत होता. राख घेऊन घासली, पाणी ओतलं, पुन्हा घासली. चुलीवर भाताचं आधण ठेवायचं होतं, पण बायनाबाई अंगणातच उभी राहिली, कान मोरीकडे लावून. पाणी थांबलं. पाटावर काच टेकल्याचा आवाज आला. मग हातोडीचा पहिला ठोका पडला, लोखंडावर, आणि लाकडातून खिळा कुरकुरत निघू लागला. ती वाकली आणि चुलीत काटक्या सारू लागली.